चार बोटं भूमी

आमच्या गच्चीला पडलेलं भोक मी पाडलं होतं. वाक्य एवढंसंच आहे, पण घर गळायला लागल्यावर ते उच्चारायला मला एकवीस दिवस लागले. त्या एकवीस दिवसांत माझ्या थोरल्या भावाचा टीव्ही बंद पडला, वहिनींच्या बावीस कुंड्या देशोधडीला लागल्या आणि बळीराम नावाच्या एका भल्या गवंड्याची अब्रू जाता जाता राहिली. मी मात्र जिन्यावरून वरखाली करत होतो.

आमचं घर नवीन पनवेलला. खाली मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगा. वर दादा आणि वहिनी. त्याच्या वर गच्ची. अंगण म्हणून जे काही होतं त्यावर स्कूटर लावायला लाद्या बसवलेल्या, त्यामुळे मातीशी आमचा संबंध फक्त कुंड्यांपुरता. गच्ची जुनी झाली म्हणून दादाने आदल्या वर्षी कोन गावच्या बळीरामकडून तिच्यावर कोबा करून घेतला. (म्हणजे खाली विटांच्या तुकड्यांचा थर, वर सिमेंट आणि पाणी वाहून जाईल असा उतार.) बळीराम स्वतःच्या हाताने घोटून काम करायचा. तेव्हा उलव्यात इमारतींच्या खांबांची नुसती जंगलं उभी राहत होती, मोठमोठे ठेकेदार त्याला बोलवत होते, पण हा गडी आमच्या एवढ्याशा गच्चीवर पंधरा दिवस उकिडवा बसला. काम संपल्यावर म्हणाला, "दहा वर्सांत थेंब गळला तर मला बोलवा, मी जिभेनं पुसंन. फक्त एक करा शरदभाऊ. गच्चीत खिळापन ठोकू नका. कोबा म्हंजे कातडी हाय. कातडीला टाचणी लागली का संपलं."

मी मान डोलावली. टाचणी लावण्याचा माझा विचारच नव्हता. मी पहार लावली.

झालं असं. त्या मे महिन्यात दादाच्या मुलीचं, केतकीचं लग्न होतं. लग्न हॉलमध्ये, पण हळद आणि घरची जेवणं गच्चीवर, मांडवही तिथेच. मांडव म्हटल्यावर मुहूर्तमेढ आली. दादा म्हणाला, "शरद, बाकी सगळं आम्ही बघतो. मेढीचं एवढं एक काम तुझ्याकडे." वहिनींनी तेलाचा रिकामा डबा घेतला, गेटला लावून उरलेल्या लाल ऑइलपेंटने तो रंगवला (वहिनींचं काम इतकं चोख, की डब्याचं बूडसुद्धा रंगवलं), आणि ठरलं की डब्यात वाळू भरायची, वाळूत मेढ उभी करायची. सगळ्या पनवेलात असंच करतात. कुणाचं काही बिघडलेलं नाही.

पण यादी द्यायला आलेले गुरुजी जाता जाता मला म्हणाले, "शास्त्राप्रमाणे मेढ भूमीत रोवलेली हवी. हल्ली काय, डब्यातसुद्धा चालवून घेतात."

ते 'चालवून घेतात' माझ्या मनाला लागलं. मी तळोज्याला एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत. काही बिघडलं की मूळ कारण शोधून कागदावर उतरवायचं, ही माझी नोकरी. 'चालवून घेणे' या विषयावर मी कामगारांसमोर दोनदा भाषणही केलं होतं. आणि स्वतःच्या पुतणीच्या लग्नात चालवून घ्यायचं? उद्या पोरीच्या संसारात काही खुट्ट झालं तर मूळ कारण कोण निघणार? काका.

दोन दिवस मी अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी जेवताना मला उजेड दिसला. कोब्यात काय असतं? विटांचे तुकडे. वीट म्हणजे काय? भाजलेली माती. माती म्हणजे काय? भूमी! म्हणजे भूमी आमच्या गच्चीवरच होती, सिमेंटच्या खाली, जेमतेम चार बोटांवर.

त्याच दुपारी सगळी मंडळी लग्नाच्या खरेदीला पनवेल बाजारात गेल्यावर मी शेजाऱ्यांची पहार मागून आणली. गच्चीच्या पुढच्या कोपऱ्यात सिमेंट फोडलं, विटा लागल्या तिथे थांबलो आणि विटांना नमस्कार केला. मग पत्रा कापायच्या कात्रीने डब्याचं बूड कापून काढलं, म्हणजे बाहेरून सगळ्यांना डबा दिसेल आणि आतून मेढ थेट भूमीत जाईल. इतक्यात जिन्यात वहिनींचा आवाज आला. माझ्या हातात डब्याचं लालभडक बूड! मी ते गुंडाळलं आणि पाण्याच्या टाकीमागे जो पावसाचं पाणी उतरायचा पाइप आहे त्यात कोंबलं. आत घरंगळत गेल्याचा आवाज आला. गेलं गटारात, म्हटलं, विषय संपला.

मेढ अशी काही उभी राहिली की हळदीच्या दिवशी पाहुण्यांची पोरं तिला धरून लोंबकळली तरी तसूभर हलली नाही. गुरुजीसुद्धा म्हणाले, "डब्यातली असून भक्कम आहे हो." मी नम्रपणे हसलो. लग्न छान झालं. केतकी नाशिकला गेली. मी बाथरूममधलं उरलेलं पांढरं सिमेंट जुन्या टूथब्रशने त्या भोकात भरलं आणि वर तुळशीची कुंडी सरकवली. वहिनींनी कढीपत्ता लावायला तो डबा मागितला, तेव्हा सांगितलं, "भंगारात दिला."

"इतक्यात? एवढा रंगवलेला?"

"गंजला होता, वहिनी."

लाल ऑइलपेंट लावलेला डबा सहा दिवसांत गंजला, यावर त्या माउलीने विश्वास ठेवला. हेच मला पुढे जास्त टोचत राहिलं.

जुलै लागला. एका संध्याकाळी दादा आरामखुर्चीत पेपर वाचत बसला होता. त्याने वरून मला हाक मारली. "शरद, इकडे ये. माझ्या टकलावर कोणीतरी टपली मारतंय."

छताच्या मागच्या कोपऱ्यातून थेंब पडत होता. मला माझं भोक आठवलं. पण डोकं शेवटी गुणवत्ता तपासणीचंच. मी टेप घेऊन वर गेलो आणि अंतर मोजलं. भोक पुढच्या कोपऱ्यात आणि गळती मागच्या! मध्ये अख्खी गच्ची. मी सुटलो होतो. त्या संध्याकाळी मी भात तीनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी बळीराम आला. छताकडे बघून त्याचा चेहरा उतरला. तासभर तो एकटाच गच्चीवर काहीतरी करत होता. खाली आल्यावर मी सहज विचारावं तसं विचारलं, "जिथे गळतंय तिथेच वर भोक असणार, नाही का?"

"छ्या. पानी सरळ खाली येत नाय भाऊ. एकदा कोब्यात शिरलं का उंदरासारखं फिरतं. भोक पुढं आनि गळती मागं, असं किती घरांत पायलंय मी."

तीनदा घेतलेला भात मला आठवला.

"मग भोक सापडायचं कसं?" दादाने विचारलं.

"ते सापडत नाय दादा. ज्यानं पाडलं त्यानं सांगायला लागतं," बळीराम म्हणाला आणि चहाच्या बशीत बघत राहिला. मग हळूच पुढे बोलला. त्यांच्या गावच्या देवळाच्या सभामंडपाची गच्ची करायची होती. आयुष्यातलं पहिलंच मोठं काम. कमिटीला त्यानेच सांगून ठेवलं होतं, की पनवेलची अमकी गच्ची बघा आणि मग बोला. "पुढच्या म्हयन्यात येनार हायेत बगायला. तेच्याआदी गळती थांबली पायजे, नायतर गावात तोंड दाखवायला जागा नाय."

हे ऐकल्यावर सरळ माणूस काय करेल? कबूल करेल. मी काय केलं? मी मूळ कारण शोधण्याच्या कामाचं नेतृत्व हाती घेतलं.

पहिला संशय पुढच्या पाइपाच्या जाळीवर. तिथे पाला अडकला होता, तो काढला. "टाकीमागचा पाइप?" बळीरामने विचारलं. "तो मी स्वतः बघितला. साफ आहे," मी ताबडतोब म्हणालो. बघितला नव्हता. पण ते लाल बूड तिथे कुठे दिसलं असतं तर? आणि टाकीमागे सरपटत जायला बळीरामलाही हौस नव्हती. क्वालिटीतला माणूस साफ म्हणतोय म्हणजे साफ.

दुसरा संशय कठड्यातून उगवलेल्या पिंपळाच्या रोपावर. "मुळं आत शिरून भिंत फाडतात," बळीराम म्हणाला. "बरोबर, हेच कारण," मी म्हणालो. पिंपळ उपटायला वहिनी तयार होईनात. शेवटी त्याची रीतसर क्षमा मागून त्याला मडक्यात हलवला. गळती चालूच.

तिसरा संशय दादाच्या डिश अँटेनावर. ती गच्चीत चार बोल्ट मारून बसवलेली होती, तीही कोबा होण्याच्या आधीपासून. "बोल्टांच्या कडेनं पानी उतरतं," बळीराम म्हणाला. मी इतक्या उत्साहाने "हेच, हेच" म्हणालो की दादा माझ्याकडे बघतच राहिला. डिश उतरली. इंग्लंडातली कसोटी चालू होती आणि दादा रेडिओ कानाला लावून, शेजारी बादली ठेवून बसला. कसोटी संपली. गळती संपली नाही.

चौथा संशय कुंड्यांवर. "कुंडीखाली वल धरते, शेवाळ होतं, कोबा भिजून ऱ्हातो." वहिनींच्या बावीस कुंड्या मी एकट्याने खाली उतरवल्या, शिक्षा म्हणून. तुळशीपाशी आल्यावर मी उगाच चप्पल झटकत बसलो. तेवढ्यात बळीराम म्हणाला, "तुळस ऱ्हाऊ द्या."

"का?"

"ऱ्हाऊ द्या म्हटलं ना."

देवभोळा दिसतो, मला वाटलं. आणि मनातल्या मनात त्याच्या देवाला हात जोडले.

या दिवसांत मला बसवेना. पाऊस आला की मी छत्री घेऊन वर, थांबला की खाली, दादाच्या खोलीत थेंब मोजायला पुन्हा वर. मी घरी असताना चहा गरम प्यायल्याचं मला आठवत नाही. सुनंदा शेवटी म्हणाली, "अहो, तुम्हाला जुलाब झालेत का? सारखे धावताय."

"नाही गं. मनाला चैन नाही."

"मग मनाचं औषध घ्या. जिना पुसून पुसून माझी कंबर गेली."

एकदा तर मी निर्धार करून दादासमोर उभाही राहिलो. "दादा, गळतीच्या मूळ कारणाबद्दल मला थोडं…"

दादाने रेडिओवरून मान वर केली. "डिश काढलीस. कुंड्या काढल्यास. आता काय, मला काढतोस?"

मी बादली रिकामी करून खाली आलो.

आणि मग निरोप आला, की कमिटी थांबणार नाही. कुणीतरी गावात जाऊन सांगितलं होतं की बळीरामची गच्ची गळते. त्यामुळे ते मुद्दाम भर पावसात, याच रविवारी येणार होते.

रविवारी सकाळी बारीक पाऊस होता. तिघेजण आले. मुख्य होते नामाबाबा, सत्तरी उलटलेले, काटकुळे, डोक्याला टॉवेल बांधलेला. सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. चहा नको म्हणाले आणि चपला खालीच काढून गच्चीवर गेले. मागोमाग आम्ही सगळे छत्र्या घेऊन. बळीरामने छत्री घेतली नव्हती. नामाबाबांनी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "बाबा, खोटं कशाला बोलू. चार येळा दुरुस्ती केली, गळती थांबत नाय. काम माजंच कच्चं ऱ्हायलं असंल. देवळासाठी तुमी दुसरा मानूस बगा."

पावसात भिजत उभ्या असलेल्या त्या माणसाकडे मी पाहिलं आणि माझ्या तोंडातून, खोटं नाही सांगत, भाषण सुटलं. पहारीपासून टूथब्रशपर्यंत सगळं सांगितलं. वीट म्हणजे माती आणि माती म्हणजे भूमी हेही समजावून सांगितलं. शेवटी तुळशीची कुंडी बाजूला सरकवली आणि म्हणालो, "हे भोक. मी पाडलं. बळीरामच्या कामात काडीचा दोष नाही. दोषी मी आहे."

 

पहिल्या बोलल्या त्या वहिनी. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "म्हणजे भाऊजी, आमच्या केतकीची मेढ भूमीत होती?"

"चार बोटं," मी म्हणालो.

"आणि माझी डिश?" दादा म्हणाला.

मी मान खाली घातली. खाली घातली तेव्हा दिसलं, की त्या जागी पांढरं सिमेंट नव्हतंच. तिथे करड्या सिमेंटचा गुळगुळीत, घोटलेला चौकोन होता.

"ते मी पयल्याच दिवशी बुजवलं," बळीराम म्हणाला. "कुंडी सरकवली तर दात घासल्यासारखं पांढरं काम. खरवडलं तर खाली हळद, कुंकू, सुपारी. म्हटलं, मेढीचं हाय. बोललो असतो तर वैनींच्या मनाला लागलं असतं, पोरीच्या लग्नाच्या मेढीनं घर गळतं म्हनून. ज्यानं केलं तो सांगंल कधीतरी."

म्हणजे एकवीस दिवस हा माणूस मी बोलण्याची वाट बघत होता, आणि माझ्यासमोर बसून बशीतून चहा पीत होता.

"पण मग," दादा म्हणाला, "गळतंय कुठून?"

आता सगळे नामाबाबांकडे बघायला लागले. ते केव्हाच निघून गच्चीच्या मागच्या बाजूला पोचले होते. अनवाणी, पाऊल घासत घासत चालत होते, जमीन चाचपल्यासारखे. टाकीपाशी थांबले.

"हितं पानी उभं ऱ्हातं," ते म्हणाले.

"बाबा, उतार बरोबर दिलाय," बळीराम म्हणाला.

"उतार हाय. पन हा गाळ बग, कठड्याला कुठवर रेघ हाय ती. मिठागरात जन्म गेला माजा. पानी कुठं थांबलं ते मला कोन सांगायला नको." मग ते वाकले. "ह्या पायपात कोनी बगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे… बघितला असं म्हणालो होतो."

दादाच्या उतरवलेल्या डिशची सळई कोपऱ्यात पडली होती. बळीराम तिचं टोक वाकवून टाकीमागे सरपटत गेला. बराच वेळ आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग घुसमटल्यासारखा एक आवाज झाला, पाइपातून गडगडत पाणी खाली गेलं, आणि बळीराम पालापाचोळ्याने माखलेलं काहीतरी घेऊन बाहेर आला. पावसात ते धुतलं. लालभडक. पहिल्या दिवसासारखं.

"अगंबाई," वहिनी म्हणाल्या, "हे तर मेढीच्या डब्याचं बूड. भाऊजी, तुम्ही तर डबा भंगारात दिला होता."

"डबा दिला," मी म्हणालो. "बूड राहिलं."

मग बळीरामने सगळ्यांना समजावलं. पाइपाच्या वाकणात बूड अडकलं, त्यावर पाला साठला, जोराचा पाऊस आला की टाकीमागे तळं व्हायचं आणि तळं वर चढलं की टाकीच्या पाइपाच्या भोकातून खाली दादाच्या टकलावर. माझ्या भोकाने काही केलं नव्हतं. पाप गळलंच नव्हतं. ते लपवताना जे कोंबलं होतं, तेच गळत होतं. वीस वर्षं मी लोकांची मूळ कारणं शोधली, आणि माझं मूळ कारण मीच टाकीमागे कोंबून, वर 'साफ आहे' असा शेरा मारला होता.

नामाबाबांनी ते बूड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग बळीरामला म्हणाले, "वरनं पहार मारली, पायपात डबा कोंबला, म्हयनाभर तळं साठवलं, आनि गळलं किती? एक बादली? काम घे तू बाला. देवळाचं." दोन पावलं जाऊन ते पुन्हा वळले. "फकस्त ह्या सायबाला तिथं वर चढू देऊ नको."

हे त्यांनी विनोदाने म्हटलं असं मी धरून चाललो होतो. पण सभामंडप झाल्यावर बळीरामने आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा गच्चीच्या जिन्याला कुलूप होतं. बाकीच्यांना वर नेऊन दाखवलं. मला खाली भाजी वाढायला उभं केलं.

डिश परत बसली, आता गच्चीत बोल्ट न मारता, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला. कुंड्या वर गेल्या. पिंपळ मडक्यात मजेत आहे. सुनंदा महिनाभर माझ्याशी जिन्यापुरतंच बोलली.

त्यानंतर काही वर्षांनी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. तेच गुरुजी यादी घेऊन आले. जाता जाता म्हणाले, "शास्त्राप्रमाणे मेढ भूमीत…"

"डब्यात चालेल," दादा, वहिनी आणि सुनंदा एका सुरात म्हणाले.

डबा आणायचं काम मात्र माझ्याकडेच दिलं. मी आणला. वहिनींनी तो हातात घेतला, उलटा केला, बुडावर बोटाने टकटक वाजवून पाहिलं, उजेडाकडे धरून आत डोकावल्या, आणि मगच त्यात वाळू भरायला सांगितलं. आमच्या घरात गुणवत्ता तपासणी आता वहिनी बघतात.